तंबूतल्या मुक्कामात गरम पाण्याची आंघोळ: नाशिककर, तुम्ही काय करता?

गोदाकाठचा_भटक्या

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात दोन-दोन रात्रींचे मुक्काम करायचा बेत आहे. जागा ओळखीच्याच: वैतरणेचं बॅकवॉटर, भंडारदऱ्याजवळ मित्राच्या मामांचं शेत, आणि जमलं तर साल्हेरच्या पायथ्याचं वाघांबे. तंबू आहेत, सात सीटर गाडी आहे, शेगडी-भांडी सगळं आहे. अडतंय ते आंघोळीपाशी. या वेळी सोबत आई येणार आहे आणि आंघोळ झाल्याशिवाय ती चहाचा घोटसुद्धा घेत नाही. मुलांचं काय, चार दिवस पाण्याला शिवली नाहीत तरी त्यांची हरकत नसते.

पॅकेजवाल्या कॅम्पवर जा असं कृपया सांगू नका. तिथे बाथरूम असतं, पण रात्री बारापर्यंत स्पीकरही असतो.

नेटवर शोधलं तर चार प्रकार दिसले. काळी सोलर पिशवी, बादलीत पंप सोडून चालवायचा चार्जिंगचा शॉवर, गाडीच्या १२ व्होल्टवर पाणी तापवणारी कांडी, आणि छोटा गॅस गीझर. बजेट पाच हजारांपर्यंत. कुणी प्रत्यक्ष वापरलं असेल तर सांगा. यूट्यूबवरचे लोक बहुतेक समुद्रकिनाऱ्यावर उभे राहून पायाची वाळू धूत असतात, त्याचा मला उपयोग नाही.

---

सह्यवेडा_०७

दोन दिवसांच्या मुक्कामात आंघोळ?? आमच्या ग्रुपात असं विचारणाऱ्याला पुढच्या ट्रेकला भांडी घासायला लावतात. :)

बाकी चालू द्या. वाचतोय.

---

मृण्मयी_कॉलेजरोड

सोलर पिशवी आमच्याकडे आहे आणि ती पडूनही नाही, नेहमी वापरतो. पण ती संध्याकाळी आंघोळ करणाऱ्यांसाठी आहे, हे आधीच सांगते. वीस लिटरची पिशवी डिसेंबरात सकाळी दहाला उन्हात टाकली की दोन-अडीचपर्यंत पाणी अंगावर घेण्याजोगं होतं. चारच्या आत आंघोळ उरकली तर मजा येते. पहाटेच्या आंघोळीला मात्र ती काही कामाची नाही, रात्रभरात सगळी ऊब निघून जाते.

वापरताना लक्षात आलेल्या गोष्टी. हिवाळ्यात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून पिशवी आडवी टाकण्यापेक्षा दक्षिणेकडे तोंड करून दगडाला किंवा गाडीच्या टायरला टेकवून ठेवायची. खाली जुनी योगा मॅट घालायची. ओल्या गवतावर ठेवली तर वरून ऊन देतं आणि खालून जमीन काढून घेते. वारा असेल तर वर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक टाकलं की बराच फरक पडतो.

आणि वीस लिटर म्हणजे वीस किलो. भंडारदऱ्याच्या काठावर शेतात धड फांदी असलेलं झाड मिळेलच असं नाही, आणि मिळालं तरी ती पिशवी डोक्याच्या वर चढवणं हे दोन माणसांचं काम आहे. आम्ही निम्मीच भरतो. उलट एप्रिल-मेमध्ये पाणी इतकं तापतं की अंग भाजेल. लहान मुलं असतील तर आधी कोपर घालून बघायचं.

पहाटेसाठी एक जुगाड चालतो. चार वाजता पिशवीतलं गरम पाणी थर्मासच्या मोठ्या जगात भरून झाकून, वर ब्लँकेट गुंडाळून तंबूत ठेवायचं. सकाळी गरम राहत नाही पण कोमट नक्की असतं, मग एक पातेलं उकळून टाकलं की काम होतं.

---

कारंजा_वायरमन

१२ व्होल्टच्या कांडीवर पैसे घालवू नका. साधा हिशोब मांडतो.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात. पहाटेचं पाणी १२ अंश धरा, अंगावर घ्यायला ४० अंश हवं. म्हणजे २८ अंशांची वाढ. दहा लिटरला साधारण ११७० किलोज्यूल, आपल्या वीजबिलाच्या भाषेत युनिटचा एक तृतीयांश. घरी हे काहीच नाही, गीझर दहा मिनिटांत करतो. पण १२ व्होल्टच्या बॅटरीतून तेवढं काढायचं तर २७ अँपिअर-अवर जातात. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ ची असते. आईंची आंघोळ होईल, नंतर गाडी ढकलायला सगळे लागतील.

शिवाय सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून दीडशे वॅटच्या वर ओढू नये, फ्यूज उडतो. दीडशे वॅटने ते पाणी तापायला दोन तास. इंजिन चालू ठेवून करायचं म्हटलं तर दोन तास डिझेल जाळून एक बादली पाणी. शोभत नाही.

बॅटरी पंप चालवायला वापरा, पाणी तापवायला नको. पंपाला वीज फार कमी लागते. चार्जिंगचे शॉवर येतात त्यांची बॅटरी मोबाईलएवढीच असते, तरी पाऊणेक तास चालतात.

---

गोदाकाठचा_भटक्या

वा, हे कुणीतरी मांडून दाखवायला हवंच होतं. कांडी यादीतून बाद.

मग तापवायचं गॅसवरच ना? किती गॅस लागेल?

---

कारंजा_वायरमन

हो, गॅस. आणि सगळं पाणी तापवत बसू नका. थोडं उकळा आणि मिसळा. १२ अंशांचं पाणी असेल तर तीन भागांत एक भाग उकळतं पाणी टाकलं की चाळिशीला पोहोचतं. म्हणजे बारा लिटरच्या आंघोळीला चार लिटरचं पातेलं. झाकण ठेवून, वारा अडवून उकळलं तर ६० ग्रॅमच्या आसपास गॅस. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर वीकेंड काय, महिना काढाल. ट्रेकचे ब्यूटेनचे छोटे डबे मात्र त्या थंडीत रडतात. आतला दाबच उतरतो, ज्योत बारीक होते. पाणी तापवायला ते नेऊ नका, चहापुरते ठीक.

बादलीत गार पाणी आधी, उकळतं नंतर. हे लिहायची गरज नसावी, तरी मुलं आहेत म्हणून लिहिलं.

---

निफाडचा_बागायतदार

राम राम मंडळी. तुम्ही लोक एवढं ऑनलाइन शोधता, आणि आमच्या शेडमध्ये लटकलेली वस्तू कुणाला दिसेना.

बॅटरीचा फवारणी पंप. पाठीवरचा. सोळा लिटरची टाकी, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी, आत डायफ्रॅम पंप, बाहेर होज आणि गन. नाशिकमध्ये कुठल्याही कृषी दुकानात मिळतो, पार्ट मिळतात, बिघडला तर पिंपळगावात, निफाडात, दिंडोरीत दुरुस्त करणारा बसलेला आहे. चार्जिंगचा शॉवर बिघडला तर तुम्ही काय करणार? नवीन मागवणार. तुमच्या पाच हजारांत पंप बसून वर पैसे उरतात.

आता करायचं काय ते नीट वाचा.

पंप नवा कोरा घ्यायचा. औषध मारलेला पंप कितीही वेळा धुवा, तो आंघोळीला चालत नाही म्हणजे नाही. टाकीचं प्लॅस्टिक, वॉशर, होज, सगळं औषध धरून बसतं. शेजाऱ्याचा, मेव्हण्याचा, 'फक्त पाणीच मारलंय' असा सांगून दिलेला, कुठलाच नाही. आणि तुमचा नवा आणला की मार्करने मोठ्या अक्षरात 'आंघोळ' लिहून टाका. नाहीतर घरातलाच कुणीतरी त्याच्यात कुंड्यांचं बुरशीनाशक कालवणार.

नोझल काढून टाका. ते फवाऱ्यासाठी असतं, त्यातून धुकं निघतं. थंडीत धुक्याखाली उभं राहिलात तर पाणी अंगावर पडेपर्यंत गार झालेलं असतं, दात वाजतील. त्या जागी झारीचं तोंड किंवा भाजीच्या सिंकला लावतात तो छोटा शॉवर बसवा. आटे जुळत नसतील तर ठिबकचं सामान विकणाऱ्याकडे जा, तो दहा-वीस रुपयांत जोड काढून देतो. धार जाड पाहिजे आणि हळू पाहिजे.

उकळतं पाणी टाकीत ओतायचं नाही. बादलीत कालवून, हात घालून बघून मग टाकीत. झाकणाखालची जाळी फेकू नका, पंपात कचरा गेला की व्हॉल्व्ह अडकतो. बॅकवॉटरचं पाणी असेल तर वरून आणखी एक फडकं.

गनला खटका असतो, हा खरा फायदा. ओलं झालं की बंद, साबण लावून झाला की चालू. बाई माणसाचे केस धुवायचे असतील तरी बारा लिटर पुरतात. खटका नसेल तर तेच पाणी साबण लावता लावताच संपतं.

दुसरी गोष्ट. वायरमन साहेबांनी १२ अंश धरले ते टाकीत रात्रभर उभ्या राहिलेल्या पाण्याचे. विहिरीचं, बोअरचं ताजं पाणी भर थंडीतही पहाटे कोमट लागतं, आमच्या निफाडजवळच्या कुंदेवाडीचा पारा पाचाच्या खाली गेला तरी. शेतात मुक्काम असेल तर सकाळी मोटर चालू झाली की तेच पाणी घ्या.

---

कारंजा_वायरमन

दादा, मानलं. विहिरीचं पाणी २५ अंश धरलं तर उकळतं पाणी तीनात एक ऐवजी पाचात एक पुरतं. बारा लिटरला अडीच लिटरचं पातेलं. गॅस जवळजवळ अर्ध्यावर आला.

---

सह्यवेडा_०७

फवारणी पंप! आमच्या ग्रुपवर टाकला हा प्रतिसाद. एकाने विचारलंय, ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर चालेल का, सगळ्या ग्रुपला एकदम.

---

निफाडचा_बागायतदार

चालेल. पण समोर उभं राहायला द्राक्षाच्या वेलीसारखं तारेला बांधून घ्यावं लागेल.

---

चाकांवरचं_घर

मी पुण्याचा, पण नाशिक-त्र्यंबक बाजूला बऱ्याचदा येणं होतं, म्हणून लिहितो. टेम्पो ट्रॅव्हलर कॅरॅव्हॅन केलेली आहे. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यानंतर भाड्याच्या गाड्याही वाढल्या आहेत. कुणाला बांधायची असेल तर दोन-तीन गोष्टी.

आमच्याकडे सीटखाली ऐंशी लिटरची टाकी, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप आणि गाडीच्या मागच्या दाराबाहेर लावलेला गॅस गीझर आहे. ऐंशी लिटर म्हणजे चौघांच्या आंघोळी आणि एक वेळची भांडी, बस. टपावर टाकी बसवायचा मोह टाळा. साध्या गाड्यांच्या छताची मर्यादा पुष्कळदा पन्नास किलोच्या आसपास असते, गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेली असते. कॅरिअरचं वजन त्यातच आलं. कसाऱ्याच्या घाटात वर पाणी डुचमळत असलेली गाडी वळवून बघा म्हणजे कळेल.

गॅस गीझरबद्दल भटक्या यांना थेट सांगतो: तुमच्यासाठी नको. मिनिटाला सहा लिटर पाणी २८ अंशांनी तापवायचं म्हणजे बारा किलोवॅटच्या घरात ज्योत लागते. तासाला किलोभर गॅसचा वेग झाला हा. पाच किलोच्या सिलिंडरमधून थंडीत तेवढा गॅस सुटायला जड जातं, मध्येच ज्योत बसते आणि डोक्यावर शांपू असताना गार पाणी येतं. शिवाय पाण्याचा ठराविक दाब असल्याशिवाय तो पेटतच नाही. बादलीतल्या चार्जिंगच्या शॉवरने तर नाहीच.

आणि घेतलातच तर तो कायम उघड्यावर. शॉवरच्या तंबूत, गाडीत, ताडपत्री बांधलेल्या कोपऱ्यात कुठेही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस गुंगून पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं आंघोळीला वेळ लागतोय. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. शेगडीवर पाणी उकळतानाही हेच, तंबूच्या आत नाही.

---

इंजिनिअर_तात्पुरता

मी एका व्हिडिओत बघून टपावर काळा पाइप बसवायचं म्हणतोय. शेतीचा ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, दीड मीटर, दोन्हीकडे टोप्या, एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला ट्यूबचा व्हॉल्व्ह. बारा-तेरा लिटर पाणी मावतं. पायपंपाने हवा भरली की प्रेशरने शॉवर. खर्च हजाराच्या आत. कसं वाटतं?

---

कारंजा_वायरमन

पाइप चांगला, हवा भरणं वाईट. पीव्हीसी पाइपवर ४ किलो, ६ किलो असे दाब लिहिलेले असतात ते पाण्याचे. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पाइप फुटला तरी चिरतो आणि दाब लगेच उतरतो. हवा दाबून भरलेला पाइप फुटला तर त्याचे तुकडे उडतात. त्यातून उन्हात तापलेला पीव्हीसी मऊ पडतो, म्हणजे दाब सोसायची ताकद आणखी कमी.

हवा न भरता करा. वरच्या बाजूला भोक ठेवा, टोपीला हवा आत यायला वाट द्या, आणि खाली नळी लावा. टप जमिनीपासून सहा फुटांवर आहे, बसून आंघोळ करायला तेवढी उंची पुरते. पाणीही संध्याकाळीच गरम मिळेल, मृण्मयीताईंनी सांगितलं तसं.

---

सिन्नरचे_आण्णा

पंप, पाइप, पिशव्या. अरे बादली आणि तांब्या नेला की झालं ना? पातेलंभर पाणी उकळलं, बादलीत कालवलं, पाटावर बसून अंगावर घेतलं. बॅटरी संपत नाही, वॉशर जात नाही. आमच्या घरी बंब होता तांब्याचा. खाली निखारे, मधून नळकांडं, भोवती पाणी. वरून गार ओतलं की तोटीतून गरम यायचं. तांबट लेनमध्ये आजही विचारलं तर मिळेल. शेतात मुक्काम आहे म्हणता, तर घेऊन जा की गाडीत.

---

गोदाकाठचा_भटक्या

आण्णा, बंबाचा मोह मलाही झालाय, खोटं कशाला बोलू. पण मामांचं शेत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे. तिथे लाकडं गोळा करणं, विस्तव करणं नको असं मामांनी बजावलंय. त्यामुळे गॅसच.

बादली-तांब्याला माझी ना नाही. पण आईला गुडघ्यामुळे खाली बसवत नाही, आणि उभ्याने तांब्याने अंगावर घ्यायचं तर दर वेळी वाकावं लागतं.

---

सिन्नरचे_आण्णा

मग बादली उंच ठेवा. स्टूल घ्या, त्यावर बादली, शेजारी दुसरं स्टूल बसायला. माझी आई शेवटपर्यंत अशीच आंघोळ करायची. पण ठीक आहे, तुमचा पंपही वाईट नाही. पाठीवर न घेता स्टुलावर ठेवा.

---

सई_सातपूर

सगळे पाण्यावरच बोलताहेत. बाईमाणूस आंघोळीला कुठे उभी राहणार, हे कुणी विचारलंच नाही अजून.

उघडमीट होणारा चेंजिंग टेंट मिळतो, उभा, तीन फूट बाय तीन फूट. घ्या, पण वाऱ्यात तो उडतो. चारही कोपऱ्यांना दोरी आणि खुंटी हवीच, सोबत आलेल्या तारेच्या खुंट्या मुरमाड जमिनीत जात नाहीत. साल्हेरकडे संध्याकाळी जो वारा सुटतो त्यात आमचा टेंट शेजारच्या कांद्याच्या शेतात गेला होता, सुदैवाने आत कुणी नव्हतं. गाडीच्या आडोशाला, दाराला एक बाजू बांधून लावा.

हिरवी शेडनेट बांधून आडोसा करतात पुष्कळ जण. दिवसा ठीक. पहाटे अंधारात आत टॉर्च लावला की बाहेरून सगळं दिसतं. जुनी जाड सतरंजी किंवा ताडपत्री बरी.

पायाखाली चिखल होतो, म्हणून प्लॅस्टिकचं क्रेट पालथं घालायचं. द्राक्षांचं, टोमॅटोचं, कुठलंही. पाणी खाली निघून जातं, पाय स्वच्छ राहतात. आजींसाठी मात्र एक क्रेट अरुंद पडेल, दोन जोडून घट्ट बांधा आणि वर रबरी पायपुसणं टाका, नाहीतर घसरतील. धरायला गाडीचं हँडल हाताशी येईल असं उभं करा. आणि टॉवेल, कपडे टांगायला आत एक दोरी. हे विसरलं की सगळं ओलं होतं.

---

मृण्मयी_कॉलेजरोड

सईला अनुमोदन. कपड्यांची दोरी हा प्रतिसादाचा हायलाइट आहे.

आणि साबणाचं बोलू या का? काठावर उभं राहून फेस सोडू नका. पाण्यापासून साठ-सत्तर मीटर आत, उताराच्या विरुद्ध बाजूला. वितभर खोल चर काढला की पाणी मातीत मुरतं, मातीतले जंतू साबण पचवतात. 'बायोडिग्रेडेबल' लिहिलेला साबणसुद्धा थेट तलावात सोडायचा नसतो, त्यालाही माती लागतेच.

---

इंजिनिअर_तात्पुरता

एवढ्या मोठ्या धरणात एका माणसाच्या साबणाने काय होणार आहे? गावची गुरं रोज धुतात तिथे.

---

मृण्मयी_कॉलेजरोड

शनिवारी रात्री वैतरणेच्या काठावर किती तंबू असतात ते बघून या. गुरं गावची आहेत, त्यांचं ते पाणी आहे. आपण पाहुणे. आणि अप्पर वैतरणेचं पाणी मुंबईच्या नळाला जातं, गंगापूरचं आपल्या. आपलाच फेस आपल्याला परत.

धरणात उतरून आंघोळ तर नकोच. काठाला गाळ असतो, पाय रुतला की निघत नाही, आणि तळ अचानक खोल होतो.

---

गोदाकाठचा_भटक्या

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरलं ते असं. नवा बॅटरी पंप, नोझलच्या जागी झारीचं तोंड. पाच किलोचा सिलिंडर आणि सहा लिटरचं झाकणाचं पातेलं. आईची आंघोळ पहाटे, मामांच्या विहिरीच्या पाण्याने. आमची दुपारी चारला, मृण्मयीताईंची सोलर पिशवी निम्मी भरून. चेंजिंग टेंट गाडीच्या मागच्या दाराला बांधणार, खाली दोन क्रेट. वैतरणेला विहीर नाही, तिथे घरून वीस लिटरचे तीन जार.

निफाडकर दादा, पंपाचा चार्जर २३० व्होल्टचा असतो ना? दोन दिवस चार्जिंगशिवाय निघतील का?

---

निफाडचा_बागायतदार

आरामात. आम्ही एका चार्जात पंधरा टाक्या मारतो, तुम्ही चौघं किती मारणार. फक्त घरून निघायच्या आदल्या रात्री फुल चार्ज करा, आणि परत आल्यावर पडून ठेवू नका. या बॅटऱ्या रिकाम्या पडल्या की खराब होतात, महिन्यातून एकदा चार्ज करत जा. टाकी उलटी करून वाळवा, पंप दोन मिनिटं कोरडा चालवून नळीतलं पाणी काढा. नाहीतर पुढच्या वेळी शेवाळाची आंघोळ.

झारीचं तोंड घ्यायला जाताना गनचा पुढचा तुकडा खोलून सोबत न्या. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे असतात, अंदाजाने आणलेलं बसत नाही.